मेश्रामबाईंची पंधरा मिनिटं

कुठलाही प्लग जॅकमध्ये घालण्याआधी मेश्रामबाई त्याचं टोक जॅकच्या कडेला एकदा हलकंच टेकवायच्या. टेकवायच्या, क्षणभर कान द्यायच्या आणि मगच आत सरकवायच्या. गिटारची वायर असो, टेपरेकॉर्डरची असो, नाहीतर सोसायटीच्या सभेतल्या माइकची. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईंना शॉकची भीती वाटत असावी. तसं विचारलंही.

"एंगेज आहे का बघते," त्या म्हणाल्या.

"काय एंगेज आहे का?"

"लाईन."

"अहो, पण ही गिटारची वायर आहे."

"माहीत आहे. गिटार माझीच आहे."

मेश्रामबाईंची बहुतेक आयुष्यभराची नोकरी टेलिफोन खात्यात, ट्रंक ऑपरेटर म्हणून झाली होती. ज्यांनी ट्रंक कॉल पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पूर्वी परगावी फोन करायचा तर तो आधी नोंदवावा लागे. मग एक बाई कानाला फोन अडकवून भल्यामोठ्या बोर्डासमोर बसे, आणि एका दोरीचा प्लग इथल्या जॅकमध्ये, म्हणजे प्लगच्या भोकात, दुसरीचा तिथल्या जॅकमध्ये घालून पुण्याला नागपूरशी जोडून देई. घालण्याआधी टोक कडेला टेकवायचं. कानात 'टक्' वाजलं तर त्या लाईनवर आधीच कुणीतरी बोलतंय. नाही वाजलं तर मोकळी. दिवसातून शेकडो वेळा हे केलेला हात नंतर ऐकत नाही. गिटारच्या वायरीला जो प्लग असतो तो मुळात टेलिफोनच्या बोर्डासाठीच जन्माला आला, हेही मला बाईंकडूनच कळलं. "आमचा प्लग आहे तो. बाजावाल्यांनी नंतर उचलला," हे त्या अशा काही सांगायच्या की चोरी कालच झाली असावी.

पुढे एक्स्चेंज कंप्युटरचं झालं. घरोघरी लोक स्वतःच बटणं दाबून परगावी बोलू लागले, बोर्ड भंगारात गेला आणि बाईंना तक्रारीच्या खिडकीत बसवलं. पुण्यात तक्रारीच्या खिडकीत बसणं म्हणजे काय, हे पुणेकरांना सांगायला नको. पण बाई तिथेही पुरून उरल्या. एक गृहस्थ खिडकीवर हात आपटून ओरडले, "आठ दिवस झाले, घरातला फोन मेलाय!" बाईंनी रजिस्टर उघडलं, पेन काढलं आणि शांतपणे म्हणाल्या, "घरच्यांचे बरे गेले असतील आठ दिवस." आणि त्याच दुपारी लाइनमनच्या मागे लागून त्यांनी तो फोन सुरू करवला. नागपूरच्या माणसाने पुणेरी विद्या इतक्या लवकर आत्मसात केलेली मी दुसरीकडे पाहिली नाही. फक्त खरोखरच्या रागावल्या की मूळ नागपूर वर यायचं आणि "काहून?" असा प्रश्न समोरच्याच्या तोंडावर आदळायचा.

आमची ओळख भांडणातूनच झाली. मी सदाशिव पेठेत वाढलेला. कंप्युटर कंपनीत लागलो, लग्न झालं आणि पेठेत जागा घेणं झेपेना म्हणून विश्रांतवाडीला एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहायला आलो. पेठेतल्या माणसाला विश्रांतवाडी म्हणजे परगावच. आई महिनाभर विचारत होती की तिकडे दूध मिळतं का. सोसायटीचा सेक्रेटरी व्हायला कुणी तयार नव्हतं म्हणून तो मी झालो, आणि पहिल्याच आठवड्यात तक्रार आली की तळमजल्यावरच्या मेश्रामबाई रविवारी सकाळी मोठ्यांदा गिटार वाजवतात. मी खाली गेलो. दार उघडलं ते एका ठेंगण्या, काटक, पांढरी साडी नेसलेल्या बाईंनी. त्यांनी मला बसवलं, चहा दिला आणि म्हणाल्या, "तक्रार लेखी आहे का?"

"नाही, तोंडीच आहे."

"मग तोंडीच राहू द्या."

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या बोर्डावर, माझ्या सहीच्या सूचनेशेजारी, सुवाच्य अक्षरात कागद लागला: 'खोली क्रमांक दोनमध्ये दर रविवारी सकाळी दहा ते बारा स्टील गिटार वाजते. हरकत असल्यास लेखी द्यावी. उत्तर गिटारवर मिळेल.' एकही हरकत आली नाही. मी मात्र त्या रविवारी दहाला जिन्यात उभा होतो, आणि पुढच्या रविवारी त्यांच्या खोलीत बसलो होतो.

स्टील गिटार म्हणजे छातीशी धरून वाजवायची गिटार नव्हे. ती मांडीवर आडवी ठेवतात. डाव्या हातात पोलादाची गुळगुळीत कांडी असते, ती तारांवरून सरकवायची. पडदे मोजत जायचं नाही, एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जायचं, म्हणजे गळ्यातली मींड जशीच्या तशी निघते. बाईंचे वडील नागपूरला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते. तिथला एक अँग्लो-इंडियन फोरमन देश सोडून जाताना हे वाद्य त्यांच्याकडे ठेवून गेला. वडिलांना ते वाजवता येत नव्हतं, पण त्यांनी ते मुलीच्या मांडीवर ठेवलं आणि सांगितलं, "हे शीक. आपल्यात हे कुणी वाजवत नाही, म्हणून तर शीक."

छप्पन साली, बारा वर्षांच्या असताना, त्या वडिलांचा हात धरून दीक्षेला गेल्या होत्या. त्याबद्दल त्या फारसं बोलत नसत. एकदाच म्हणाल्या, "त्या दिवशी घरात ठरलं की आता कोणापुढे वाकायचं नाही. मी गिटार वाजवताना वाकते, तेवढंच." मिस्टर खडकीच्या कारखान्यात होते. ते अकाली गेले. मुलगी लग्न होऊन नागपूरला गेली. बाई, गिटार आणि बुधवार पेठेतल्या एका रेडिओवाल्याने लाकडी खोक्यात बसवून दिलेला अँप्लिफायर, एवढं त्या खोलीत राहात असे.

बाईंना एक गोष्ट हवी होती आणि ती त्या लपवत नसत. सदाशिव पेठेत शास्त्रीय संगीताचं एक जुनं मंडळ होतं. त्या मंडळाच्या हॉलमध्ये, जिथे त्यांनी मोठमोठे गवई खाली बसून ऐकले होते, तिथे त्यांना स्वतः वाजवायचं होतं. मंडळाच्या घटनेत कलम होतं, की सलग पाच वर्षं सभासद असणाऱ्यास वार्षिक मेळाव्यात पंधरा मिनिटं कला सादर करता येईल. बाई पाच वर्षं वर्गणी भरून, दर महिन्याच्या बैठकीला दोन बस बदलून जात राहिल्या. सहाव्या वर्षी अर्ज केला.

मंडळाचे कार्याध्यक्ष नानासाहेब. स्वच्छ धोतर, शांत आवाज. माझ्या वडिलांची आणि त्यांची ओळख, म्हणून बाईंनी मला बरोबर नेलं. "तुम्ही बोलू नका," असंही बजावलं, "नुसतं ओळखीचं तोंड म्हणून चला."

नानासाहेब म्हणाले, "बाई, आपण रसिक आहात, यात वादच नाही. पण हे पडलं विजेचं वाद्य. आमच्या मंडळाची एक परंपरा आहे. विजेवरचं काही आम्ही मंचावर येऊ देत नाही."

कोपऱ्यात टेबलावर तानपुऱ्याची पेटी ठेवली होती. तेव्हा ती नवीनच सगळीकडे झाली होती. बाईंनी तिच्याकडे बोट केलं. "ही काय रॉकेलवर चालते?"

नानासाहेबांनी पेटीकडे पाहिलं. मग म्हणाले, "तो केवळ आधारस्वर आहे."

"घटनेत तसं कुठे आहे?" बाईंनी पर्समधून मंडळाच्या घटनेची पुस्तिका काढली. पेन्सिलने खुणा केलेल्या होत्या. "घटना मी नीट वाचते. आमच्या घरी तशी सवय आहे."

त्यांना पंधरा मिनिटं मिळाली.

आता जे सांगणार आहे ते सांगायची मला लाज वाटते, तरीही सांगतो. मेळाव्याच्या दिवशी बाई मंचावर बसल्या, गिटार मांडीवर घेतली, तानपुऱ्याची पेटी लावली आणि मारव्याची आलापी सुरू केली. तबला नव्हता. पण अँप्लिफायरमधून सुरुवातीपासून घूंऽऽ असा एक आवाज येत होता. हॉल मुळात पडद्यांनी आणि गाद्यांनी भरलेला. गिटारचा स्वर निघायचा आणि तिथल्या तिथे विझायचा, मागे उरायची ती घूंऽऽ. लोक चुळबुळायला लागले. सहा मिनिटं झाली असतील. नानासाहेबांनी बसल्या जागेवरून माइकवाल्याला दोन बोटांनी खूण केली. माइकवाला भिंतीशी गेला आणि त्याने अँप्लिफायरची पिन काढून टाकली.

गिटार गप्प झाली. तानपुऱ्याची पेटी मात्र चालूच राहिली, कारण ती दुसऱ्या बोर्डावर होती. बाईंनी आधी पिनेकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे, आणि त्या पुढे वाजवत राहिल्या.

हे नीट समजून घ्या. त्या गिटारला पोटच नसतं. भरीव लाकडाची फळी असते ती. वीज नसेल तर पहिल्या रांगेपर्यंत तारेची नुसती खसखस पोचते. बाई नऊ मिनिटं तशा वाजवत होत्या. डोळे मिटलेले, डाव्या हातातली कांडी शांतपणे सरकतेय, स्वर कुठे थांबतोय ते त्यांच्या मानेवरून कळतंय, आणि हॉलमध्ये फक्त तानपुरा. सुरुवातीला कुणीतरी हसलं. मग कुणीच हसलं नाही. त्यांना उठवायची हिंमत कुणालाच झाली नाही, कारण वेळ त्यांची होती. बरोबर पंधराव्या मिनिटाला त्यांनी कांडी उचलली, हात जोडले, "जय भीम" म्हणाल्या आणि खाली उतरल्या.

मी चौथ्या रांगेत होतो. भिंतीपर्यंत जाऊन ती पिन परत लावायला मला दहा पावलं टाकावी लागली असती. मी उठलो नाही. वडिलांची ओळख, नानासाहेबांचं वय, असलं काहीबाही मनात येत राहिलं. खरं कारण एवढंच की मला भीती वाटली.

परत येताना रिक्षात बाईंनी गिटार मांडीवर आडवी धरली होती. मी माफी मागायला तोंड उघडणार तेवढ्यात म्हणाल्या, "ती घूंऽऽ कशाने येत होती कळलं का?"

"नाही."

"त्यांच्या बोर्डाला अर्थिंग नाही. तिसरं भोक नुसतं शोभेला आहे." मग थोड्या वेळाने, "आणि स्वर फार लवकर मरतो त्या हॉलमध्ये. त्याचं काहीतरी करावं लागेल. पुढच्या वर्षापर्यंत वेळ आहे."

"पुढच्या वर्षी परत जाणार तुम्ही?"

"काहून? कलम काढून टाकलं का त्यांनी?"

त्या सुमारास सालाचे शेवटचे दोन आकडे शून्य झाले की जगातले सगळे कंप्युटर बंद पडणार अशी हवा होती, आणि ते वाचवायला आमच्यासारख्यांना टोळ्याटोळ्यांनी अमेरिकेला धाडत होते. मी चार महिने गेलो. निघताना बाईंनी एक कागद दिला. गिटारचा आवाज खोलीत घुमल्यासारखा करणारं यंत्र तिकडे मिळतं, त्याला इफेक्ट प्रोसेसर म्हणतात, एवढं त्यांनी कुठल्याशा मासिकातून शोधून काढलं होतं. "ट्रंक बोर्डावर लांबची लाईन लागली ना," त्या म्हणाल्या, "की माणसाच्या बोलण्यामागे त्याचाच आवाज हळूच परत यायचा. लोक वैतागायचे. मला फार आवडायचं. मला तो आवाज पाहिजे." मी पहिल्या शनिवारीच दुकान शोधलं. ते यंत्र आणून दिलं की त्या दहा पावलांची भरपाई होईल, असा माझा हिशोब होता.

परत आलो त्या रविवारी मोठ्या ऐटीत डबा खाली नेला. पुस्तकाएवढी लोखंडी पेटी, वर बटणं, लाल आकडे. मी अ‍ॅडॉप्टर घेतला आणि भिंतीतल्या बोर्डाकडे वळलो. बाईंनी माझ्या मनगटावर चक्क फटका मारला.

"काय करून राहिले?"

"चालू करतोय."

"त्याच्यावर काय लिहिलंय ते वाचा. एकशेदहा. आपल्या भिंतीत दोनशेतीस आहे. अमेरिकेहून आणलं आणि इथल्या इथे जाळायला निघालात! अहो सॉफ्टवेअर, तुम्हाला पगार कोण देतं?"

त्या दिवसापासून माझं नाव सॉफ्टवेअर पडलं. पुढच्या रविवारी बुधवार पेठेतून विजेचा दाब कमी करणारा ट्रान्सफॉर्मर आला. तो त्या पेटीच्या दुप्पट वजनाचा होता.

पेटीत शंभर आवाज भरलेले होते. बाईंनी वही घेतली, एक ते शंभर आकडे घातले आणि एकेक आवाज लावून ऐकला. पाण्याखालचा, विमानाचा, मोठ्या देवळाचा, दोन गिटारी एकदम वाजल्याचा. प्रत्येकासमोर फुली पडत गेली. मी म्हटलं, "हा चांगला होता." त्या म्हणाल्या, "चांगला आहे, पण मी कुठे आहे त्यात?" दुपारी एकला वही मिटली. नव्याण्णव नापास. एक काठावर पास झाला होता, साध्या मोठ्या खोलीचा, आणि त्यातलं घुमणंही त्यांनी निम्म्यावर आणलं.

तरीही अँप्लिफायरमधून आवाज चिखलात बुडवून काढल्यासारखा येत होता. मी माहितीपुस्तक वाचत बसलो. कळलं ते असं, की पेटी स्वतःच निरनिराळ्या नामांकित अँप्लिफायरांची नक्कल करते, आणि ती नक्कल पुन्हा आपल्या खऱ्या अँप्लिफायरमधून जाते. बाईंना हे सांगितलं तर त्यांना ते अपमानास्पदच वाटलं. "घरात आपला अँप्लिफायर असताना लोकांच्या अँप्लिफायरची सोंगं काहून? बंद करा ते." बंद केलं. चिखल गेला. मग पेटीला मागे बाहेर पडायचे दोन जॅक, अँप्लिफायरला आत शिरायचा एकच. मी दुसरा अँप्लिफायर घ्यायचा सल्ला दिला. त्यांनी डोळे बारीक करून जॅकवरची अक्षरं वाचली, 'मोनो', म्हणजे एकेरी, लिहिलेल्या जॅकच्या कडेला टोक टेकवलं, ऐकलं आणि प्लग आत सरकवला.

शेवटचा तिढा पायातल्या पेडलचा होता. स्टील गिटारवाले पायाखाली एक पेडल ठेवतात. दाबलं की आवाज वाढतो, सोडलं की कमी होतो. माहितीपुस्तकातल्या चित्रात गिटारनंतर पेटी, पेटीनंतर पेडल आणि मग अँप्लिफायर असा क्रम होता. मी तसंच जोडलं. बाईंनी एक लांब मींड घेतली, षड्जावर येऊन थांबल्या, पाय उचलला, आणि मागे घुमणारा आवाज कापल्यासारखा बंद झाला. त्यांनी तीनदा करून पाहिलं. मग खाली बसल्या आणि वायरी उपसायला लागल्या.

"बाई, चित्रात असंच आहे," मी म्हटलं.

"चित्र काढणाऱ्याच्या मांडीवर गिटार नव्हती." त्यांनी पेडल गिटारच्या लगेच पुढे घेतलं, पेटी त्याच्या मागे आणि मग अँप्लिफायर. "माणूस बोलून गप्प झाला तरी त्याचा शब्द खोलीत राहतो की नाही? तुमचं चित्र तो राहिलेला शब्दही दाबतं. माझा पाय माझ्या हातावर चालायला पाहिजे. मागे जे राहील त्याच्यावर माझाही पाय नको."

पुन्हा तीच मींड, पुन्हा षड्ज. पाय उचलला. हात थांबला होता, तार थांबली होती, आणि आवाज जात राहिला. खोलीच्या बाहेर, जिन्यात, वर. मला आठवतंय, वरून बायको विचारायला आली की काय झालं, आणि दारातच उभी राहिली. बाईंचा चेहरा असा झाला होता, की जणू कित्येक वर्षांनी एखादी लांबची लाईन लागावी.

त्यानंतरचा मेळावा हाच माझा आणि बाईंचा एकत्र असा शेवटचा मेळावा ठरला, हे तेव्हा कुणाला माहीत होतं? पंधरवड्यात मी पुन्हा अमेरिकेला गेलो तो तीन वर्षांसाठी. तेवढ्यात बाई निवृत्त होऊन मुलीकडे नागपूरला गेल्या, आणि मी परतण्याच्या आधीच्या हिवाळ्यात वारल्या. मला ते महिनाभराने कळलं. त्यांना एक पत्रही मी धड लिहिलं नव्हतं, याचं वाईट अजून वाटतं. म्हणून त्या मला आठवतात त्या हॉलमध्येच.

आम्ही चार वाजताच पोचलो. बाईंनी पिशवीतून एक बल्ब काढला, होल्डरला दोन उघड्या वायरी लावलेला. एक वायर विजेच्या भोकात, दुसरी अर्थिंगच्या. बल्ब लागला नाही. "बघा," त्या समाधानाने म्हणाल्या, "वर्षभरात काही सुधारणा नाही." मग हिरव्या वायरीचं भेंडोळं निघालं. हॉलबाहेरच्या बोळात पिण्याच्या पाण्याचा नळ होता. बाईंनी ब्लेडने त्याच्या जमिनीत गेलेल्या लोखंडी पाइपावरचा रंग खरवडला, तांब्याची तार घट्ट गुंडाळली, वर पट्टी आवळली. पूर्वी घरोघरी फोन बसवताना लाइनमन हेच करत. आणि तिथून वायर सोडत सोडत त्या हॉलमध्ये शिरल्या, मधल्या वाटेने मंचाकडे निघाल्या.

लोक येऊन बसायला लागले होते. मधल्या वाटेच्या तोंडाशी, अगदी पुढे, नानासाहेबांची खुर्ची होती. बाई तिथे थांबल्या.

"पाय उचला," त्या म्हणाल्या.

"हे काय आहे?"

"अर्थिंग."

"आजवर आमच्या हॉलमध्ये कुणाला त्याची गरज पडली नाही."

"आजवर कुणी तपासलं नाही. पाय."

साठ-सत्तर माणसं बघत होती. नानासाहेबांनी पाय उचलले. वायर खालून गेली, बाईंनी ती चिकटपट्टीने फरशीला नीट चिकटवली, आणि "ठेवा आता" म्हणून पुढे गेल्या.

मंचावर त्यांनी सगळं मांडलं. गिटार, पेडल, पेटी, अँप्लिफायर, आणि त्याच्या मागच्या पत्र्याला हिरव्या वायरीचं टोक. प्रत्येक प्लगचं टोक कडेला टेकवून, ऐकून, आत. मग मला हाक मारली. भिंतीतल्या ज्या बोर्डातून वीज घेतली होती त्याच्याशी त्यांनी एक खुर्ची ठेवली होती.

"इथे बसा."

"मी काय करायचं?"

"काही नाही. मागच्या वर्षी बसलात तसंच नुसतं बसायचं. फक्त इथे."

मी बसलो. पिनेला पाठ लावून बसलो. माइकवाला एकदा जवळून गेला, माझ्याकडे पाहिलं आणि तसाच पुढे गेला. त्या खुर्चीतून मला त्या दिवशी कुणीही उठवू शकलं नसतं.

बाईंनी मारवाच घेतला. घूंऽऽ नव्हती. स्वर निघाला, सरकला, आणि तो पुढच्या स्वराला पोचला तरी आधीचा अजून हवेत होता. मारव्यात षड्ज सहज देत नाहीत. स्वर त्याच्याभोवती फिरत राहतात आणि ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. बाईंनी चौदा मिनिटं टांगून ठेवला. मागच्या रांगेत कुणीतरी "वा" म्हणालं, तेही दबक्या आवाजात. नानासाहेब हनुवटी छातीशी घेऊन बसले होते. ते ऐकत होते. माणूस जाणकार होता, एवढं म्हणायलाच हवं.

मग ती मींड आली. खालून वर, अगदी सावकाश, आणि कांडी षड्जावर येऊन थांबली. बाईंनी तार छेडली, पाय उचलला, दोन्ही हात गिटारवरून काढून घेतले.

आवाज राहिला. निवेदकाला वाटलं संपलं. तो घाईने माइकपाशी आला, "धन्यवाद, यानंतर..." म्हणाला, आणि त्याबरोबर चारदोन टाळ्या पडल्या. नानासाहेबांचेही हात उचलले गेले होते. बाईंनी उजवा हात वर केला, तळवा लोकांकडे करून.

"थांबा," त्या म्हणाल्या. "अजून चालू आहे."

निवेदक गप्प झाला. नानासाहेबांचे हात तसेच राहिले. तो षड्ज हॉलभर फिरत होता, पडद्यांवरून, गाद्यांवरून, खिडकीतल्या माणसांवरून, बारीक होत होत, आणि साठ-सत्तर माणसं श्वास रोखून त्याच्या मागे जात होती. अगदी शेवटचा धागा निघून जाईपर्यंत बाईंचा हात खाली आला नाही.

मग त्यांनी तो मांडीवर ठेवला आणि समोर पाहिलं.

"हं," त्या म्हणाल्या. "आता वाजवा."